कंत्राटी सैनिक 'भाडोत्री' का ठरत नाही?

प्रश्न: खासगी लष्करी कंपनीचा माणूस युद्धक्षेत्रात बंदूक घेऊन उभा असतो, तरी कायद्याने तो भाडोत्री सैनिक का ठरत नाही?

उत्तर: जिनिव्हा करारांना (युद्धाचे नियम ठरवणारे आंतरराष्ट्रीय करार) जोडलेल्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम ४७ वाचा; भाडोत्री सैनिकाची व्याख्या तिथे आहे. सहाच्या सहा अटी एकदम लागू व्हाव्या लागतात. लढणाऱ्या देशाचा नागरिक असला की सुटला. करारात 'ताफ्याचं संरक्षण' लिहिलं की 'लढण्यासाठीच भरती' हेही सिद्ध करणं अवघड. चाळणीच म्हणा!

दुसरं उत्तर: खरी गोम अधिकारक्षेत्राची. बगदादच्या निसूर चौकात २००७मध्ये ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ नागरिक मारले गेले. पण 'आदेश १७'मुळे (इराकमधल्या अमेरिकी नेतृत्वाखालच्या हंगामी प्रशासनाचा, कंत्राटदारांना इराकी कायद्यातून सूट देणारा आदेश) इराकी न्यायालयाचे हात बांधलेले. अमेरिकेत २०१४ साली त्यातले चौघे रक्षक दोषी ठरले, २०२०मध्ये त्यांना माफी मिळाली.

प्रश्नकर्ता: मग खासगी लष्करी कंपन्यांबाबत देशांच्या जबाबदाऱ्या सांगणारा २००८चा माँत्रो दस्तऐवज?

उत्तर: बंधनकारक नाही. बळवापराचे नियम आणि खटला कुठे चालणार, हे करारातच लिहून घ्यावं लागतं.