हाँगकाँगचं चोई हुंग बघायला जावं का?

भटकी_चप्पल:
पुढच्या महिन्यात हाँगकाँगला चाललोय. चोई हुंग इस्टेट म्हणजे तिथली सरकारी घरांची वसाहत, तिचे फोटो इन्स्टावर बघून बघून डोकं फिरलंय, ते बास्केटबॉल कोर्ट आणि मागे इंद्रधनुष्यासारखी बिल्डिंग. बायको म्हणते लोकांच्या घरासमोर कॅमेरा घेऊन काय उभं राहायचं. खरंच जाण्यासारखं आहे की नुसता फोटोपुरताच माल?

काउलूनकर:
जा की. मेट्रोच्या क्वुन टोंग लाइनवर चोई हुंग नावाचंच स्टेशन आहे. कोर्ट जमिनीवर नाहीये बरं का, कार पार्कच्या गच्चीवर आहे, नवीन माणूस खालीच घिरट्या घालत बसतो. वर पोरं खेळत असतात आणि कोणीतरी ट्रायपॉडवाला त्यांनाच बाजूला व्हायला सांगत असतो, तेवढं करू नकोस म्हणजे झालं. वहिनींचं बरोबरच आहे, लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर झूम कशाला मारायचा.

जुन्या_इमारती:
सगळे रंगातच अडकतात, खरी गंमत आत होती. १९५३ च्या ख्रिसमसच्या रात्री शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली, पन्नास हजारांवर लोक बेघर झाले, तिथून सरकारी घरांना जोर आला. सुरुवातीच्या ब्लॉकमध्ये संडास, नळ सगळं सामायिक, आपल्या चाळीसारखं. चोई हुंग १९६२ ते ६४ मध्ये झालं, ११ इमारती, आणि इथे घराघरात स्वतःचं किचन, संडास, शिवाय बाल्कनी. म्हणून तर बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे, १९६४ ला अमेरिकेचा निक्सन येऊन बॅडमिंटन खेळून गेला, राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी.

भटकी_चप्पल:
वा, हे माहीतच नव्हतं. पण पाडणार आहेत म्हणे?

काउलूनकर:
हो, २०२३ च्या शेवटी पुनर्विकास जाहीर झालाय. टप्प्याटप्प्याने होणार, त्यामुळे तुझ्या ट्रिपला धोका नाही :) आत्ता साधारण ७,४०० घरं आहेत, त्याची ९,२०० च्या आसपास होतील म्हणतात. मला तरी वाईट वाटतंय.

जुन्या_इमारती:
वाईट मलाही वाटतं, पण साठी ओलांडलेल्या बिल्डिंगमधले पाइप आणि गळती आपल्याला नाही सोसावी लागत. तिकडे सरकारी भाड्याच्या घरासाठी लोक पाच-पाच वर्षं रांगेत आहेत, जास्त घरं होणार असतील तर आपण फोटोवाल्यांनी गप्प बसावं. फक्त नवीन टॉवर करड्या रंगाचे करू नका म्हणावं.

भटकी_चप्पल:
ठरलं, जातो. ट्रायपॉड घरीच ठेवतो.