सेव्ह करताना अडकतंय? आधी नेटवर्क ड्राइव्ह बघा

दादा, फॉरमॅट मारायची घाई करू नका. फाइल उघडते, टायपिंग नीट होतं, फक्त सेव्ह म्हटलं की मिनिटभर सगळं गोठतं, असं तुम्ही लिहिलंय. मग रॅमचा संशय मागं ठेवा. सेव्हची खिडकी उघडताना विंडोज नेटवर्कवरून जोडलेले ड्राइव्हही, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचे फोल्डरही, चाचपतं. त्यातला एखादा बंद पडलेल्या मशीनवरचा असला, तर उत्तराची वाट बघत ते तसंच थांबून राहतं. बेळगावात डीटीपीवाल्यांकडे मराठी-कन्नड पत्रिकांच्या फाइली शेजारच्या मशीनवर ठेवलेल्या असतात, तिथं हा त्रास मी बऱ्याचदा बघितलाय. तुमच्या निपाणीच्या दुकानातही दोन मशीन जोडलेली आहेत म्हणता, म्हणून पहिला संशय इथंच. 'धिस पीसी'त लाल फुली असलेला ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, खिडकीच्या डाव्या बाजूच्या क्विक ॲक्सेस यादीतले त्याचे जुने फोल्डरही काढा.

तरीही अडकलं, तर सेव्ह करतेवेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बघा. १०० टक्क्यांवर चिकटून असेल तर डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा, शून्याहून जास्त दिसला, तर हार्ड डिस्कचा भरवसा संपला समजा. अशा डिस्कवर लगेच चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) लावू नका, तिच्यावर आणखी ताण येतो. आधी गिऱ्हाइकांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि ते आजच करा.