उमेदवाराचं ‘५,००० रोजगार’ हे आश्वासन तपासायचं कसं?

चौकस_मतदार
स्थानिक निवडणुकीत विरोधक म्हणताहेत, ‘पाच वर्षांत ५,००० रोजगार देऊ’. सत्ताधारी म्हणताहेत, ‘आमच्या काळात बेरोजगारीचा दर ८ वरून ६ टक्क्यांवर आला’. सभेत प्रश्नाला मिनिटभरच मिळतं. नेमकं काय विचारावं?

आकडेमोड्या
आधी दराचं बघू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येनुसार बेरोजगार म्हणजे ज्याला काम नाही, जो ते शोधतोय आणि मिळालं तर करायला मोकळा आहे. शोधणं सोडलं की माणूस बेरोजगारांच्या यादीतूनच बाहेर. उलट आठवड्यात तासभर मोबदल्याचं काम केलं तरी तो ‘रोजगारात’.

समजा ५,५२० जण कामावर आहेत आणि ४८० शोधात. दर ८ टक्के. शोधणाऱ्यांपैकी १३० जण कंटाळून घरी बसले, तर ५,८७० पैकी ३५० उरतात, म्हणजे जेमतेम ६ टक्के. नवी नोकरी एकही नाही! म्हणून विचारायचं ते हे: काम करण्याच्या वयाच्या दर शंभरांत कामावर असलेले किती होते, आता किती आहेत?

शिवाय पाहणी किती जणांची? कामावरचे आणि शोधणारे मिळून फक्त ४०० जण विचारले असतील, तर ‘८ टक्के’ म्हणजे खरं तर साधारण ५.३ ते १०.७ च्या मधलं काहीही. तिथे दोनाची घट मिरवण्यात अर्थ नाही.

निविदा_वाचक
५,००० च्या आकड्यात दोन खाचा असतात. एक, हजार माणसांना पाच वर्षं काम दिलं की काही जण ते ५,००० मोजतात. बांधकामाच्या हंगामी कामात हे हमखास होतं. दुसरी, एक मोठं दुकान आलं म्हणून चार छोटी बंद झाली, तर ती वजाबाकी जाहीरनाम्यात कधीच दिसत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं उदाहरण बघा. २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने १३,००० नोकऱ्या जाहीर केल्या, राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. भागिले केलं की एका नोकरीमागे २ लाख ३० हजार डॉलर. २०२१ च्या सुधारित करारात आकडा १,४५४ वर आला. राज्याच्या करसवलती भरतीशी बांधलेल्या होत्या, त्यामुळे तो पैसा बराचसा वाचला. जमीन, रस्ते, पाणी यांवर माउंट प्लेझंट या गावाने मात्र आधीच खर्च करून ठेवला होता. स्थानिक संस्था अडकते ती इथेच: खर्च आज, नोकऱ्या नंतर कधीतरी.

फाइल_पुढे_सरकवा
वरचं मान्य, पण सगळा रोख मोठ्या कारखान्यावर कशाला? तो आणणं बहुतेकदा स्थानिक संस्थेच्या हातात नसतंच. तिच्या हातात असतात परवाने, छोट्या-छोट्या कामांची कंत्राटं आणि बिलं. कंत्राटदाराचं बिल सहा महिने थकलं की तो आधी मजूर कमी करतो. ‘बिल किती दिवसांत निघतं?’ हा प्रश्न सभेत कुणी विचारत नाही. विचारा. प्रशिक्षण केंद्राची घोषणा असेल, तर किती जण शिकले हे सोडा. सहा महिन्यांनंतर कितीजण कामावर टिकले ते मागा.

चौकस_मतदार
मिनिटात एवढं बसणार नाही. एकच निवडायचा तर?

निविदा_वाचक
‘यांतल्या किती नोकऱ्या वर्षाहून जास्त टिकतील, आणि भरती झाली नाही तर दिलेली सवलत परत घेण्याची अट करारात आहे का?’ उत्तर लेखी मागा.