अनुभव धागा: टीव्हीवरचा परग्रहवासी शत्रू तुम्हाला कधी पटला का?

सातारा-सांगलीकडच्या मंडळींनो, गणपतीत निघालेला विषय आरतीमुळे अर्धवट राहिला, तो इथे पुढे नेऊ. साय-फाय मालिकेतल्या ज्या जमातीला तुम्ही पहिल्या भागापासून शिव्या घातल्या, तिनेच कधी पंचाईत केली का? मालिका, भाग आणि तुमचा अनुभव लिहा. मालिका जुन्या आहेत, शेवट फोडलात तरी चालेल.

माझा भाग 'स्टार ट्रेक'च्या 'डीप स्पेस नाइन' मालिकेतला, १९९३ सालचा 'ड्युएट'. बजोर ग्रहावर कार्डासियनांनी कित्येक दशकं राज्य केलं. गॅलिटेप छळछावणीचा कसाई समजून एक कार्डासियन पकडला जातो. बजोरची जुनी भूमिगत कीरा चौकशीला बसते, आणि हा गडी छाती काढून सगळं कबूल करतो. मग कळतं, हा तर तिथला फायली लावणारा कारकून. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान दाबून पडून राहायचा. आपल्या लोकांना पापाचा जाब द्यावा लागावा, म्हणून कसायासारखा चेहरा करून घेऊन फासावर जायला आलेला. कीरा त्याला सोडते, तर वाटेतच एक बजोरन त्याला भोसकतो. का, तर तो कार्डासियन आहे, एवढं पुरे. मी स्वतः सरकारी कारकून. आमच्या जातीला इतकं मोठं काम दुसऱ्या कुठल्या मालिकेनं दिलेलं नाही!

कुंडल
माझं आजोळ पत्री सरकारच्या मुलखातलं. १९४३ पासून तीनेक वर्षं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी इथं इंग्रजांना जुमानलं नाही. आजी खबऱ्यांना झालेल्या शिक्षा रंगवून सांगायची. पण खबऱ्याच्या बायकोचं पुढं काय झालं असं विचारलं की, "भाकरी करपंल, सरक बाजूला." १९९७ च्या 'द डार्कनेस अँड द लाइट'मध्ये कीराच्या जुन्या साथीदारांना एक कार्डासियन वेचून मारतो. तिनं पूर्वी लावलेल्या बॉम्बनं तो विद्रूप झालेला असतो, आणि होता कोण, तर अधिकाऱ्याच्या घरचा नोकर. कीरा माफी मागत नाही. तुम्ही आमच्या ग्रहावर आलातच कशाला, हे तिचं म्हणणं. ते मला पटतं, आणि नोकराचंही पटतं. आजी असती तर तिला हा भाग दाखवला असता.

कराडजवळ
आमच्याकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात. एकदा आमच्याच फडात निघाली. टोळीनं कोयते खाली टाकले. वनखात्याच्या लोकांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवली, रात्री आई येऊन एकेक उचलून घेऊन गेली. म्हणून मूळ 'स्टार ट्रेक'मधली १९६७ ची होर्टा आठवली. खाणकामगारांना मारणारी दगडी राक्षसीण. पण कामगार जे गोल दगड फोडत होते, ती तिची अंडी. शेवट मात्र फारच गोड. पिल्लं बोगदे खणणार, माणसं माल काढणार. म्हणजे बिनपगारी मजूरच की! आमच्या बिबटीनं असला करार काही केला नाही. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या काकांची शेळी गेली, आणि काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मिरज
नवरा 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मधल्या 'आय, बोर्ग' (१९९२) ह्या भागाचा भक्त. बोर्ग म्हणजे सगळ्यांचं मिळून एकच मन असलेली, दुसऱ्यांना पकडून आपल्यासारखं अर्धयंत्र करणारी जमात. पकडलेल्या बोर्ग पोराला ह्यू असं नाव मिळतं, तो 'मी' म्हणायला लागतो, आणि त्याच्यामार्फत अख्ख्या बोर्गांना संपवायची योजना जहाजाचा कप्तान पिकार्ड रद्द करतो. ह्यांचे डोळे दर वेळी भरून येतात. मी विचारते, बोर्गांनी जहाजावरच्या गायनन नावाच्या बाईच्या लोकांचा संसार उधळला, त्यांच्या वतीनं क्षमा करायला पिकार्ड कोण? पुढं 'डिसेंट' ह्या भागात अ‍ॅडमिरल बाईंनी त्याला ह्यावरूनच झापलंय.

मिरज, वरचीच्या घरातून
झापणारी बाई म्हणून हिला आवडली. आणि गायननच ह्यूशी बोलून आल्यावर डळमळते, ते ही सोयीस्कर विसरते. ती डळमळू शकते, तर पिकार्डनं का नाही?

मिरज
डळमळणं वेगळं, अहो, आणि निर्णय घेणं वेगळं. जेवायला या, मग सांगते.