पीएचडीला पॅराडाइम (संशोधनामागची मूळ भूमिका) नक्की कसा ठरवायचा? (विषय: शाळा व्यवस्थापन समिती)

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी झेडपी शाळेत शिक्षिका आहे, १४ वर्षं झाली नोकरीला, आता शैक्षणिक व्यवस्थापनात पीएचडीला नोंदणी केलीय. विषय आहे शाळा व्यवस्थापन समितीत आयांचा सहभाग. सिनॉप्सिसला (संशोधनाच्या आराखड्याला) अडकलेय. गाइड म्हणतात ६० शाळा घे, प्रश्नावली भरून घे, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) लाव, मोकळी हो. पण कोर्सवर्कला पॉझिटिव्हिझम (बाहेरून मोजता येतं ते खरं), इंटरप्रिटिव्हिझम (माणसं काय अर्थ लावतात ते बघायचं), क्रिटिकल (सत्ता आणि फायदा कुणाचा ते विचारायचं) वगैरे वाचलं तेव्हापासून वाटतंय की मला जे कळून घ्यायचंय ते प्रश्नावलीत मावणारच नाही. आमच्याकडे कागदावर सगळं कायद्याप्रमाणे आहे, ७५ टक्के पालक, निम्म्या बायका, पण मीटिंग सकाळी ११ ला आणि वेचणीच्या दिवसांत आया तेव्हा कापसात असतात, मग रजिस्टर घरी नेऊन सह्या घेतल्या जातात. मीही नेलंय रजिस्टर, ते अजून मनात खुपतं. तर मिक्स मेथड (आकडे आणि मुलाखती दोन्ही) लिहून टाकू का? म्हणजे गाइडचंही राहील आणि माझंही.

माळावरचा_मास्तर
ताई, मिक्स मेथड ही पद्धत झाली, पॅराडाइम नाही. बहुतेकांची गल्लत इथंच होते. प्रश्नावली, मुलाखत ही हत्यारं, ती कुणीही उचलावीत. पॅराडाइम म्हणजे तिथं शोधण्यासारखं मुळात काय आहे असं तुम्ही मानता ते. सहभाग बाहेरून मोजता येतो असं मानलंत तर हजेरी, ठराव, अनुदानाचा खर्च हे मोजा, ६० शाळा बरोबर आहेत. सहभाग म्हणजे त्या बाईला त्या खोलीत बसून काय वाटतं, ती कधी बोलते, कुणाकडे बघून गप्प होते, हे असेल तर तीन शाळा पुष्कळ झाल्या, पण वर्षभर जात राहावं लागेल. आणि ११ ची वेळ कुणी ठरवली, कुणाच्या सोयीने, आणि ती बदलायची कशी, हा प्रश्न असेल तर तो क्रिटिकलकडे जातो. तो काही बाहेरून आणलेला नाही हो, १८८२ ला महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. व्यवस्थेचा फायदा कुणाला, हे विचारणं आपल्याकडे जुनंच आहे.
तुमची पोस्ट परत वाचा, मला तरी त्यात तिसरा प्रश्न दिसतोय.

नदीकाठ
वरच्याशी सहमत. आणि गाइडना सांगायला एक गोष्ट, हे भांडण आपल्याच विषयात होऊन गेलंय. १९५० च्या दशकात अमेरिकेत शाळा प्रशासनाचं 'विज्ञान' करायची चळवळ होती, मोजा, सिद्धांत मांडा, मग तो सगळीकडे लागू. १९७४ ला ब्रिस्टलच्या परिषदेत कॅनडाचे शिक्षण प्रशासनाचे अभ्यासक थॉमस ग्रीनफिल्ड उभे राहिले आणि म्हणाले की संस्था ही काही निसर्गातली वस्तू नाही, ती माणसांच्या समजुतीतून आणि कृतीतून उभी राहते, त्यामुळे माणसांना ती कशी दिसते हे आधी समजून घ्या. त्यावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालला.
पण ग्रीनफिल्ड पूर्ण पटतात असं नाही. शाळा समजुतीतून घडते हे खरं, तरी पत्रा फुटला की पाणी सगळ्यांच्याच डोक्यावर गळतं, कुणाची समजूत काहीही असो. म्हणून आकडे टाकून देऊ नका. घरी जाऊन सही घेणं एकाच गावात होतं की तालुकाभर, हे मोजल्याशिवाय कसं कळणार?

सातबारा
मी या सगळ्यातून गेलोय म्हणून सांगतो. सिनॉप्सिस मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे पहिला प्रश्न येणार, तीन शाळांवरून जिल्ह्याचं कसं सांगणार? तेव्हा सरळ सांगायचं की जिल्ह्याचं सांगायचंच नाहीये, हे घडतं कसं ते सांगायचंय. गडबडून 'नमुना वाढवतो' म्हणू नका. दुसरं, फॉर्मॅटमध्ये शून्य परिकल्पनेचा ('फरक नाही' असं धरून आकड्यांनी तपासायचं विधान) रकाना असतो म्हणून ती लिहू नका, मुलाखतींच्या अभ्यासाला संशोधन प्रश्न पुरतात, ते आधीच गाइडशी बोलून घ्या.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही मॅडम आहात. आई तुमच्यासमोर 'सगळं चांगलं आहे' असंच म्हणणार, तिचं लेकरू शाळेत आहे ना. स्वतःची शाळा घेऊ नका, दुसऱ्या केंद्रातल्या घ्या, शाळेत न बोलवता शेतावर, ओट्यावर जा, आणि रजिस्टर घेऊन गेलेलं प्रबंधात लिहा. तुम्ही कुठून बघताय हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं.

खडूफळा
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज गाइडशी तासभर बोलले. ठरलं असं की तालुक्यातल्या शाळांची मीटिंगची वेळ आणि हजेरी रजिस्टरवरून घ्यायची, तेवढंच आकड्यांचं काम, बाकी सगळं तीन शाळांत, क्रिटिकल भूमिकेतून. परिकल्पना काढून टाकायला ते तयार झाले!! शीर्षकातला 'सहभाग' शब्द मात्र तसाच ठेवलाय, त्याचा अर्थ बायकाच सांगतील.
एक राहिलंच, आमच्याकडच्या आया अहिराणीत बोलतात आणि प्रबंध मराठीत. त्यांचं बोलणं कसं द्यायचं?

सातबारा
अहिराणी वाक्य जसंच्या तसं ठेवा, खाली मराठी द्या. आणि ते मराठी त्या बाईला एकदा वाचून दाखवा.