मोहाच्या घडीला नेमकं काय करायचं? (अनुभव धागा)

दारू, तंबाखू, मोबाइलवरचा पत्त्यांचा जुगार, रात्री नको ते बघणं. यात अडकलेल्याला "प्रार्थना कर" एवढंच सांगून भागत नाही. मंडळीत, पॅरिशमध्ये हे काम करणाऱ्यांनी रीत लिहावी. साक्ष रविवारी देऊ की.

टिळकवाडी, बेळगाव
मत्तय ४ उघडा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली आहेत: ८:३, ६:१६, ६:१३. तिथं बसून शोधलेली नव्हेत, आधीच पाठ होती. म्हणून आठवड्याला एकच वचन घ्या, खिशात मावेल अशा कार्डावर स्वतःच्या हाताने लिहा आणि सकाळ-संध्याकाळ मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं वचन ऐन वेळी जिभेवर येत नाही.

चूक इथे होते: वचन सुटं पाठ करतात. सैतानानेही स्तोत्र ९१ म्हणून दाखवलंच होतं. मागची-पुढची दोन वचनं वाचल्याशिवाय कार्ड लिहू नका. १ करिंथ १०:१३ चा पहिला अर्धा सगळ्यांना येतो, "निभावण्याचा उपाय" सांगणारा दुसरा अर्धा गळतो. कामाचा तोच आहे. तो उपाय बहुतेक वेळा दारातून बाहेर पडणं एवढाच असतो.

निपाणी
आमच्या गावात तंबाखूपासून पळा म्हणणं सोपं नाही, अर्ध्या गावाचं पोट त्यावर. तरी योसेफाचं बघा (उत्पत्ती ३९). धन्याची बायको रोज मागे लागायची, शेवटी तिने धरलं तेव्हा त्याने वाद घातला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळाला. इथे वस्त्र म्हणजे चुन्याची डबी. पुडी टाकतात आणि डबी खिशात ठेवतात, मग दुपारी कुणीतरी चिमूट देतोच.

तलफ काही मिनिटं जोरात असते, मग ओसरते. स्तोत्र १२१ आठ वचनांचं आहे, सावकाश तीनदा म्हणा, तेवढ्यात पहिला जोर जातो. तळहाताला मळायची सवय असते, तिचंही काही करा: भाजलेली बडीशेप हातावर घेऊन एकेक दाणा खायचा. त्यानेही जमलं नाही तर १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत लाइन आहे. फोन केला म्हणून विश्वास कमी होत नाही.

खानापूर
आम्हा कॅथलिकांत कुमसाराआधी (पाद्रीपुढे पापांची कबुली) आत्मपरीक्षण असतं. बरेच जण पापांची यादी करतात, निमित्तांची करत नाहीत. "दारू प्यायलो" हे पाप झालं. "शनिवारी पगार खिशात घेऊन त्याच रस्त्याने घरी आलो" हे निमित्त, आणि बदलता येतं ते हेच. जांबोटी-चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांनी तर लिहूनच काढावं, तिकडे दारू स्वस्त. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) जायचं तर कुटुंबासोबत जा आणि येताना एकटे थांबू नका.

कॅम्प, बेळगाव
बेळगावात १८२० मध्ये आलेल्या लंडन मिशनचं काम १९०४ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. त्यांच्याकडे एक चांगली पद्धत होती, आपण ती सोडली. १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला त्यांनी सभागृहाचं कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करण्यासाठी बाराबारा जणांचे वर्ग पाडले. वर्गणी मागायला गेलेल्याला घरातलं खरं दिसू लागलं, आणि वर्ग आत्मिक विचारपुशीचे झाले.

आज तिघं पुरेत. पुरुष पुरुषांत, बायका बायकांत. ठरलेला वार, अर्धा तास. "कसं चाललंय?" विचारू नका, "बरंय" हेच उत्तर येतं. विचारा: मंगळवारी रात्री दहानंतर फोन कुठे होता? पैसे कुणाच्या खात्यात आहेत? ऐकलेलं बाहेर गेलं तर गट तिथेच मोडला समजा. मंडळीत प्रार्थनाविषय म्हणून नाव घेणं हीसुद्धा चहाडीच.

हल्याळ
घाईने एक. रोज भरपूर पिणाऱ्याला उपास-प्रार्थनेसाठी एकदम दारू तोडायला लावू नका. पहिल्या दिवसातच हात कापू लागतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, जीवही जातो. त्याला भूत लागलं म्हणून खोलीत कोंडतात! आधी दवाखाना, तिथे पाळकांनी सोबत बसावं. उपास नंतर. कॅथलिक नियमातही आजाऱ्याला उपासातून सूट आहे.

चिकोडी
दारू सुटलेल्याने प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) घ्यावं का?

कॅम्प, बेळगाव
घ्यावं. मेथडिस्ट परंपरेत न आंबवलेला द्राक्षरस असतो. दुसऱ्या मंडळीत गेलात तर आधी पाळकांना विचारून घ्या.

खानापूर
आमच्यात द्राक्षारस न घेता फक्त ओस्ती (पवित्र भाकर) घेतली तरी ते पूर्ण मानतात.

टिळकवाडी, बेळगाव
राहिलेलं एक: लूक ४:१३. सैतान गेला तो "संधी मिळेपर्यंत". तीन दिवसांच्या शिबिरानंतरचा सोमवार म्हणून जड जातो. त्या संध्याकाळी गटातल्या एकाने घरी जेवायला बोलवावं, आणि फोन बाहेर ओट्यावर ठेवायला सांगावं.