आईसाठी घोंगडी घ्यावी का? मुंबईच्या हवेत टिकेल? (बजेट २०००)

अनघा_मुलुंड
नमस्कार. आई ७४ वर्षांची आहे. एसी २६ वर ठेवला तरी पहाटे तिला गार लागतं. पावसाळ्यात सुती गोधडी ओलसर लागते, म्हणून लोकरीचं काहीतरी घ्यायचं आहे. वजनाला हलकं हवं, टोचायला नको, घरी धुता यायला हवं. बजेट २०००, त्याच्या वर जमणार नाही. घोंगडी कशी वाटते?

पार्लेकर
मेरिनो मेंढीच्या लोकरीचं घ्या. टोचणं हे तंतूच्या जाडीवर ठरतं. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २३ मायक्रॉनचा असतो. तिशीच्या पुढचा तंतू वाकत नाही, त्याचं टोक कातडीला रुततं. घोंगडीची लोकर तशी जाड. आमच्याकडे मेरिनोचं पांघरूण आहे, त्याला तोड नाही. सात-आठ हजारांची तयारी ठेवा.

खड्डीवाला
बजेट २००० लिहिलंय, साहेब.
अनघाताई, घोंगडी थेट अंगावर घ्यायचीच नाही. जुन्या मऊ साडीचा अभ्रा शिवा, टोचण्याचा प्रश्न संपला. ओलसरपणाचं म्हणाल तर लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प पोटात घेते तरी हाताला कोरडी लागते, आणि बाष्प घेताना थोडी ऊबही सोडते. सुती कापड त्याच्या कितीतरी आधी गार आणि चिकट लागायला लागतं. दख्खनी मेंढीची लोकर, खड्डीवर म्हणजे हातमागावर विणलेली अशीच बघा. नवी घोंगडी कडक असते, कारण सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते. त्या खळीला पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून खरेदी दिवाळीनंतर करा आणि दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा.

मीनल_ठाणे
आधी ती लोकर आहे का ते तरी बघा! फुटपाथवरचे बरेच ‘वूलन’ ब्लँकेट ॲक्रिलिकचे असतात. कडेचे दोन धागे काढा, चिमट्यात धरून पेटवा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते, राख बोटांनी चुरली जाते. ॲक्रिलिक वितळून टपकतं आणि कडक काळा मणी उरतो. भुगा आणि मणी दोन्ही मिळाले तर मिश्रण समजा. उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासा. ताणा सुताचा किंवा ॲक्रिलिकचा आणि फक्त बाणा लोकरीचा, हा प्रकार चालतो.

शेगडी
वितळत नाही म्हणूनच लोकर स्वयंपाकघराजवळ ठेवावी. कपड्यांनी पेट घेतला तर लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळतात.

पार्लेकर
ओली करून टाकली तर कढईतली आगही विझेल.

शेगडी
मुळीच नाही! पेटलेल्या तेलात पाणी गेलं की भडका उडतो. कढईची आग म्हणजे गॅस बंद, वर घट्ट झाकण, आणि गार होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. कांबळं कोरडंच वापरायचं, तेही माणसाच्या अंगावरच्या आगीसाठी.

संदूक
कसरीचं, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीचं, कोणीच बोललं नाही. मुंबईत लोकर दमटपणाने जात नाही, कसरीने जाते. अळी लोकरीतलं केराटिन हे प्रथिन खाते, आणि घाम-तेलाचा डाग असेल तिथे आधी लागते. मळलेली घोंगडी कपाटात कधीच ठेवू नका. घडीच्या रेषा आणि शिवणी ब्रशने झाडा, अंडी तिथेच असतात. मग घट्ट झाकणाची पेटी. डांबर गोळ्या घालणार असाल तर कपड्यांच्या वरच्या बाजूला ठेवा, त्यांची वाफ जड असते, खाली उतरते. घरात तान्हं बाळ असेल तर गोळ्या नकोतच. कडुलिंबाच्या पाल्यावर भिस्त ठेवू नका.

मीनल_ठाणे
पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवली की अळी मरते.

संदूक
शाल ठेवाल. घोंगडी घरच्या फ्रीजरमध्ये मावणार कुठे?

कुंडीवाला
कसर लागलेली लोकर फेकू नका. बोटभर तुकडे करून कुंडीत मातीवर दोन इंच थर द्या, वरून माती भुरभुरा. पाणी धरून ठेवते आणि सावकाश कुजताना नायट्रोजन सोडते. तळाच्या भोकावरही एक तुकडा ठेवा, पाणी जातं, माती राहते. रंगवलेली किंवा मिश्र लोकर नको.

खड्डीवाला
धुण्याचं राहिलं. तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि पुन्हा उलगडत नाही. गार पाण्यात रिठ्याचं पाणी, १५ मिनिटं भिजवणं, दाबून पाणी काढणं, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी वाळवा. ग्रिलवर लटकवली तर पाण्याच्या वजनाने लांबते. डाग काढणाऱ्या एन्झाइमची पावडर नको, लोकर प्रथिनाची आहे, ते एन्झाइम तिलाच खातं. ब्लीचमध्ये तर ती विरघळते.

पार्लेकर
एवढं सगळं करण्यापेक्षा मेरिनो.

अनघा_मुलुंड
सगळ्यांचे आभार. घोंगडी घेतेय, पण पांघरायला नाही. आईला अंगावर वजन सोसत नाही आणि अभ्र्यात घातली की ती आणखी जड होणार. गादीवर घोंगडी, तिच्यावर सुती चादर. घाम खालून शोषला जाईल आणि टोचणारही नाही. पांघरायला घरातली हलकी शाल आहेच.

खड्डीवाला
अंथरायची असेल तर चारी बाजू गादीखाली दुमडता येतील एवढी मोठी घ्या, नाहीतर रात्रीत गोळा होते. आणि दर आठवड्याला उचलून गादीची बाजू झाडा, तिथे उजेड पोचत नाही, कसर तिथेच धरते.

पार्लेकर
अंथरायला घोंगडी म्हणजे पैसे वाया. लिहून ठेवा.